हृदयासाठी रोज एक माप

बिराजदार सरांच्या शोकसभेत त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानं सांगितलं की सर संपूर्ण निर्व्यसनी होते. सभागृहात माना हलल्या. मी मागच्या रांगेत होते. शब्दशः पाहिलं तर ते खोटं नव्हतंच. सरांना व्यसन नव्हतं, मत होतं. आणि मत हे व्यसनापेक्षा वाईट. व्यसनी माणूस दुसऱ्याला पाजताना निदान त्याला विचारतो तरी.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ते काम त्या सभेत सात-आठ जणांनी केलं, त्यामुळे माझ्यावर ती जबाबदारी उरलेली नाही. माझं जुळे सोलापुरात औषधांचं दुकान आहे. सर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. रोज सकाळी फिरून आले की घरी जाण्याआधी माझ्या काउंटरपाशी थांबायचे. ते तिथं एखादी गोष्ट घ्यायला येत असत असं नाही. त्यांना उभं राहून बोलायला एक टेबल लागायचं. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. टेबलाच्या पलीकडे कुणीतरी उभं असल्याशिवाय त्यांना बोलणं सुचत नसे.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला पेन, पायांत पॉलिश केलेल्या चपला. प्रत्येक मुद्द्यानंतर "समजलं? पुढे," असं म्हणायचे. समोरच्याला समजलं की नाही यासाठी थांबायचे नाहीत. औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो कुणीच वाचत नाही, तो ते माझ्या काउंटरवर उलगडून भिंगातून वाचायचे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यातले दुष्परिणाम ऐकवायचे. "मावशी, या गोळीनं चक्कर येऊ शकते." मावशीला तिथंच चक्कर यायची.

माझ्या मुलीला बारावीचं रसायनशास्त्र त्यांनी शिकवलं, दर रविवारी, स्वतः होऊन. ती दोनदा रडून खाली आली, पण विषय तिला आला. हे लिहिलं नाही तर मी लबाड ठरेन. लिहिलं. पुढे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सरांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली. बेंगळुरूचा मुलगा आठवडाभर येऊन राहिला आणि जाताना एक वाईनची बाटली आणि वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीतलं एक पान ठेवून गेला. थोडी रेड वाईन हृदयाला चांगली, असं त्या पानावर होतं. त्या पानाचं सरांनी काय केलं असेल? झेरॉक्स काढल्या. महिनाभर माझ्या काउंटरवर त्या झेरॉक्सचा गठ्ठा होता. खोकल्याचं औषध न्यायला आलेली माणसं त्यात पुड्या बांधून न्यायची.

सरांचं म्हणणं एकच असे. "प्रश्न पदार्थाचा नसतो, मापाचा असतो." हे ते इतक्या वेळा म्हणत, की एकदा दूध टाकणाऱ्यानंही त्यांच्यासमोर ते मान डोलावत म्हटलं.

माप मात्र त्यांचं पक्कं होतं. एकदा संध्याकाळी मी त्यांच्या पत्नीच्या गोळ्या द्यायला वर गेले होते. सर अभ्यासाच्या खोलीत टेबलासमोर गुडघे वाकवून अर्धे खाली बसले होते. मला वाटलं काही पडलं. टेबलावर प्रयोगशाळेतली काचेची उभी मापननळी होती आणि तिच्यात लालभडक वाईन. सर डोळा रेषेच्या पातळीला आणून पाहत होते. एक थेंब जास्त झाला होता. तो त्यांनी ड्रॉपरनं परत बाटलीत घातला, मग उभे राहून मला म्हणाले, "पाहिलंत? याला पिणं म्हणत नाहीत."

भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला दारू पिण्याचा सरकारी परवाना होता. सोलापुरात पिणाऱ्यांना तोटा नाही, पण परवाना काढून पिणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. "वाचा," ते म्हणाले. "आरोग्य राखण्यासाठी, असं लिहिलंय. मी म्हणत नाही, सरकार म्हणतं."

त्यांच्या पत्नी महानंदा. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. माहेर वैरागजवळचं, घरी द्राक्षबाग, घरात बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी. बुटक्या, ठसठशीत, गळ्यात चांदीच्या करड्यात, त्या छोट्या डबीत, लिंग. रोज पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. त्यांना साखरेचा आजार होता आणि गुडघे गेलेले. त्यांनी नवऱ्याच्या वाईनला बंदी केली नव्हती, फक्त हद्द आखून दिली होती. ती नळी आणि तो ग्लास स्वयंपाकघरात यायचा नाही, आणि ते घेतलेल्या तोंडानं देवघरात यायचं नाही. सर ते पाळायचे आणि हसायचे.

द्राक्षांच्या हंगामात अक्कांच्या भावानं पेटी पाठवली की सर ती इमारतीत वाटून टाकायचे. अक्कांना साखर, म्हणून घरात द्राक्ष ठेवायचं नाही. एकदा पेटी वाटायला दोघं खाली दुकानात आले. सर नेहमीप्रमाणे सांगू लागले, की हृदयाला उपयोगी पदार्थ द्राक्षाच्या सालीत असतात.

अक्का म्हणाल्या, "सालीत हाय म्हंता, तर द्राक्ष खाऊन त्ये मिळत न्हाई व्हय?"

"द्राक्षात साखर असते. तुला चालणार नाही."

"मजी माज्या भावाच्या बागंतलं द्राक्ष मला इख, आन् त्येच सडवून बाटलीत भरलं की तुमाला अवशद?"

"सडवत नाहीत. त्याला किण्वन म्हणतात."

"नाव चांगलं ठिवलंय की," अक्का म्हणाल्या आणि एक घड उचलून माझ्या हातात दिला. "खा गं रेखा. तुज्या हृदयाला."

सरांना हसू आलं नाही. त्यांना विनोद चालायचा, पण तो त्यांनी स्वतः केलेला हवा. त्याच दिवसापासून त्यांनी अक्कांच्या मागे लकडा लावला. अक्कांच्या दोन्ही थोरल्या बहिणी हृदयविकारानं गेल्या होत्या. तेव्हा तूही माप घे, रोज एक, न चुकता. अक्कांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "ह्ये हितं हाय तवर न्हाई," म्हणाल्या. विषय संपला असं त्यांना वाटलं. मलाही.

त्यानंतर आमच्या इमारतीतले चिलकामामा वारले. टॉवेलच्या कारखान्यात जन्म गेलेले, हसरे गृहस्थ. तिसऱ्या दिवशी सर काउंटरला टेकून फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगत होते, "बघा. चिलका थेंबाला शिवत नव्हते. गेले. आणि मी इथं उभा आहे."

मी म्हटलं, "सर, मामा शिवत नव्हते ते शेवटच्या दीड-दोन वर्षांत. त्याआधी तीस वर्षं रोज कारखान्यातून येताना घेऊनच यायचे. लिव्हरनं हात टेकले तेव्हा डॉक्टरांनी सोडायला लावली. त्यांना न पिणाऱ्यांत मोजलं, तर आजारी पडून सोडलेले सगळेच पिणारे तुमच्या न पिणाऱ्यांच्या यादीत येतील."

"तो तपशील झाला."

"आणि रोज मापून वाईन पिणारा माणूस सकाळी फिरतोही, फळं खातो, त्याची अँजिओप्लास्टी वेळेवर होते. त्याला वाईननं वाचवलं की बाकीच्यानं, हे कसं ठरवायचं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात चुकीच्या बाकावरून बरोबर उत्तर आल्यावर पाहतात तसं. "तुम्ही गोळ्या विका," ते म्हणाले. मंडळी हसली. मीही हसले. गिऱ्हाइकं होती.

पण सर ते विसरले नाहीत. पुढच्याच आठवड्यात, दुकानात गर्दी असताना, त्यांनी माझ्या मागच्या फळीवरची द्राक्षासवाची बाटली मागितली. भूक लागायला, अशक्तपणाला अर्धं सोलापूर ते आयुर्वेदिक औषध घेतं. माळकरी घेतात, जंगम घेतात. सरांनी भिंग काढलं आणि लेबल मोठ्यानं वाचलं. त्यात आंबवताना आपोआप तयार होणारा मद्यार्क असतो, हे छापलेलं असतंच. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "हे काय आहे? द्राक्षं आंबवून केलेलं. यात अल्कोहोल आहे. या बाई हे तुम्हाला विकतात आणि मला उपदेश करतात. समजलं? पुढे."

एका आजींनी हातातली बाटली काउंटरवर ठेवली आणि पदराला हात पुसला. दुसऱ्या दोघी न घेता गेल्या. सरांचं म्हणणं खरं होतं. मी एवढंच म्हणाले, "सर, मी विकते ते लेबल लावून विकते."

"लेबलानं पदार्थ बदलत नाही," सर म्हणाले. आणि तीच बाटली विकत घेऊन गेले. मला वाटलं, माझं नुकसान केल्याचं वाईट वाटून घेतली असेल.

श्रावणाच्या आधी अक्का गोळ्या न्यायला आल्या तेव्हा चेहऱ्यावर तजेला होता. "ह्यांनी मला आसव सुरू केलंय," म्हणाल्या. "सांजच्याला स्वतः मापून आणून देत्यात. झोप लई चांगली लागती."

मी म्हटलं, "अक्का, द्राक्षासवात गूळ असतो. तुम्हाला साखर आहे."

"इच्यारलं की मी. बिनसाखरेचं मागवलंय म्हनले." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा हातात कायतरी आणून देत्यात गं. न्हाई कसं म्हनू?"

बिनसाखरेची औषधं मिळतात. रसायनशास्त्राचा प्राध्यापक बायकोला गूळ पाजणार नाही, एवढा भरवसा मला होता. आणि गूळ त्यांनी पाजला नाहीच.

श्रावणातल्या सोमवारी अक्कांचा कडक उपवास असे. संध्याकाळी पूजा करून मग सोडायचा. उपवासाच्या दिवशी साखरेच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा, असं मी प्रत्येक श्रावणात सगळ्यांना सांगते, आणि प्रत्येक श्रावणात निम्म्या बायका रोजच्यासारखी गोळी घेऊन वर उपवास करतात. अक्कांनीही तेच केलं. दिवेलागणीला वरून सरांची हाक आली. त्या आवाजात "समजलं?" नव्हतं. मी ग्लुकोमीटर घेऊन पळाले.

अक्का देवघरासमोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. घामानं निथळत होत्या, हात थरथरत होते, आणि माझ्याशी कानडीत भांडत होत्या, जणू मी त्यांची मेलेली बहीण आहे. बोटातून रक्त काढून पाहिलं. साखर फार खाली गेली होती. गिळता येत होतं म्हणून साखरपाणी चमच्यानं दिलं आणि खाली रिक्षा थांबवली. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तोंडाला लवंगेचा वास येत होता, आणि लवंगेखाली दुसरा. द्राक्षासवाचा वास मला झोपेतही ओळखू येईल. हा तो नव्हता.

"काय दिलंत यांना?" मी विचारलं.

सर पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला बसले होते. "आसव. पूजेनंतर, जेवणाआधी," म्हणाले. मागे वळले नाहीत.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं सुई लावून ग्लुकोज सुरू केलं आणि विचारलं, "रोजच्या गोळीशिवाय आणखी काही घेतलंय का?"

"द्राक्षासव," सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, खरं सांगा. त्यांना पुढचं औषध त्यावर द्यायचंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. अक्कांचे डोळे मिटलेले होते. मग सर इंग्रजीत बोलले. अक्कांना इंग्रजी येत नाही, हा त्यांचा हिशोब. वर्गातल्यासारखं, एकेक शब्द सुटा. "डॉक्टर, शी टेक्स अ व्हेरी मॉडरेट डोस ऑफ रेड वाईन. प्युअरली मेडिसिनल."

ज्या बाटलीवर वाईन लिहिलेलं असतं ती अक्कांनी स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं दाराआडून पाहिली होती. तो एक शब्द त्यांना भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. त्यांनी डोळे उघडले.

"वाईन?"

डॉक्टरीणबाईनं मराठीत विचारलं, "यांना माहीत नव्हतं का?"

"ती घेतली नसती," सर म्हणाले.

या एका वाक्यात अख्खे सर आले. लाज नाही, घाबरणं नाही. प्रयोगात अडचण कुठं होती, एवढंच त्यांनी सांगितलं. माझ्याकडून नेलेल्या बाटलीतलं आसव त्यांनी पहिल्याच दिवशी ओतून दिलं होतं. तिच्यात वाईन, चवीला बिनसाखरेच्या गोडव्याची गोळी आणि वास झाकायला लवंगेचं पाणी. प्रमाण ठरवून, मापून.

अक्कांनी मला विचारलं, "रेखा, वाईन मजी दारूच की?"

"होय अक्का."

त्यांनी सुई नसलेल्या हातानं गळ्यातलं करडं पदराखाली झाकलं, जसं अंगावर कपडे नसताना झाकावं तसं. रडल्या नाहीत. चूळ भरायला पाणी मागितलं. सरांनी लगबगीनं बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं. अक्कांनी पेल्याकडे पाहिलं.

"तुमी नगं. रेखा, तू दे."

दोन दिवसांनी अक्का घरी आल्या. आठवड्यानं सर दुकानात आले, गर्दी नसताना. बहुधा पहिल्यांदाच.

"शास्त्रीयदृष्ट्या," ते म्हणाले, "कारण उपवास आणि गोळी हे आहे. मात्रा अल्प होती."

"उपाशी पोटी, साखरेच्या गोळीवर, वाईननं साखर आणखी खाली जाते, सर. तुम्ही भिंगानं वाचता त्या कागदावरही ते असतं. एकट्या वाईननं झालं असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना विचारून तुम्ही दिली नाहीत. आणि ज्यांना दिलीत त्यांनाही विचारलं नाहीत."

"तिच्या दोन्ही बहिणी गेल्या. मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं." मला त्या क्षणी त्यांची कीव यायला हवी होती. पण ते पुढे म्हणाले, "एवढं शिकवून ती ऐकत नाही, त्याला मी काय करू?" आणि माझी कीव जागच्या जागी राहिली.

एक शब्द त्यांनी कधीच उच्चारला नाही, तो म्हणजे चुकलं. अक्का भांडल्या असत्या, माहेरी गेल्या असत्या, तर सरांना उत्तर देता आलं असतं. वादात ते हरत नसत. अक्कांनी वाद केला नाही. स्वयंपाक केला, पथ्याची भाकरी वेळेवर वाढली, त्यांचे बुशशर्ट इस्त्रीला पाठवले. फक्त त्यांच्या हातचं काही तोंडात घातलं नाही. चहा नाही, पाणी नाही, गोळी नाही. औषधं न्यायला गुडघे धरत स्वतः खाली यायच्या, प्रत्येक पाकीट उलटसुलट करून पाहायच्या आणि मला विचारायच्या, "सील हाय न्हवं?" मी हो म्हटल्यावरच पिशवीत.

सर आपलं माप रोज घेतच राहिले. नळी, डोळा, रेषा, सगळं तसंच. मात्र काउंटरवर त्याविषयी बोलायचे थांबले. एकदा फिरणाऱ्या मंडळींतल्या एकानं गमतीनं विचारलं, "काय सर, हृदय कसं हाय?" तर म्हणाले, "घाई आहे," आणि जिन्यानं वर गेले. जिन्यात ते मध्येच थांबलेले मला ऐकू आले.

ते गेले ते मेंदूत रक्तस्राव होऊन. त्याचं खापर मी वाईनवर फोडत नाही. माणसं मरतात, त्यांच्या वयाला मरतात. शोकसभेला अक्का आल्या नव्हत्या. घरी सगळे विधी मात्र त्यांनी नीट केले.

सरांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्याआधीच्या थंडीत, देवळात. मी काही देवधर्मवाली नाही. सासूबाईंना घेऊन गेले होते. अक्का पायऱ्यांखालच्या कट्ट्यावर बसल्या होत्या, गुडघ्यांमुळे वर चढवत नव्हतं. सर वरून उतरत होते. उजव्या हाताची ओंजळ करून, दुसरा हात तिच्याखाली धरून, एकेक पायरी पाहत. अक्कांसाठी तीर्थ आणत होते. ते मापलेलं नव्हतं. पुजाऱ्यानं पळीनं घातलं तेवढं होतं आणि वाटेत सांडत होतं.

ते समोर येऊन उभे राहिले. "घे," म्हणाले. "देवाचं आहे."

अक्कांनी तळहाताकडे पाहिलं. तीर्थ नाकारायचं नसतं, हे माझ्यासारखीलाही माहीत आहे. अक्कांना तर आईच्या दुधाबरोबर माहीत असणार. त्यांनी दोन्ही हात जोडून त्या पाण्याला नमस्कार केला. मग कठडा धरून उठल्या आणि पायऱ्या चढू लागल्या. एक पाय वर, दुसरा त्याच्या शेजारी, मग थांबणं. सर बोटांच्या फटींतून पाणी गळून संपेपर्यंत हात तसाच धरून उभे राहिले. ओला हात त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. मग कट्ट्यापाशी अक्कांच्या चपला होत्या, त्यांच्या शेजारी जाऊन, त्या कुणी नेऊ नये म्हणून, राखत बसले.